फाईल आपोआप हलली पाहिजे

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, एक बाई मला शोधत कोर्टात आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड आणि त्या दोघांच्या मध्ये घडी घालून ठेवलेला एक कागद. तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "वकीलसाहेब, चौदा वर्षं झाली की सोडतात म्हणाले होते. आता पंधरा झाली. ह्यात काय लिहिलंय बघा की." मी वाचलं. मुलाची जन्मठेपेतून मुदतपूर्व सुटकेची विनंती शासनाने अमान्य केली होती. सगळा मजकूर तीन ओळींचा, त्यातली एक ओळ संदर्भ क्रमांकांची.

"नाही म्हणालेत, अक्का."

"का?"

"ते लिहिलेलं नाही."

मुलाने तेविसाव्या वर्षी गल्लीतल्या भांडणात एकाचा जीव घेतला होता. याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती, अक्कांच्याही नव्हती. "चुकलंच त्याचं," असं त्या दोनदा म्हणाल्या. नंतरच्या पंधरा वर्षांत हा मुलगा तुरुंगात सुतारकाम शिकला, मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली, नऊ वेळा संचित रजेवर, म्हणजे तुरुंगातून ठरावीक दिवसांच्या सुट्टीवर, घरी आला आणि नऊच्या नऊ वेळा ठरल्या दिवशी परत हजर झाला. यातलं एक अक्षरही त्या तीन ओळींत नव्हतं. मध्यंतरी कुणीतरी "मंत्रालयात फाईल हलवतो" म्हणून अक्कांच्या भिशीचे पंधरा हजार रुपये घेऊन गेला होता. पंधरा हजार म्हणजे किती हजार विड्या, याचा हिशोब त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी तो मला सांगितला, आणि मला तिथे बसवेना.

शिक्षामाफीची फाईल कुणीतरी ढकलल्याशिवाय हलत नाही, हा या व्यवस्थेचा मूळ रोग आहे, असं माझं मत आहे. ज्याच्या मागे ढकलणारं कुणी आहे त्याची फाईल पळते, प्रसंगी पळू नये तेव्हाही पळते. ज्याच्या मागे विड्या वळणारी आई आहे त्याची फाईल कपाटात राहते. कायदा बदलण्याआधी, दयेच्या तत्त्वज्ञानावर वाद घालण्याआधी ही एक गोष्ट बदलली पाहिजे. ठरलेल्या तारखेला फाईल स्वतःहून उघडावी, गृह विभागाबाहेरच्या माणसांनी ती तपासावी, आणि निर्णय कोणताही असो, त्याची कारणं लेखी द्यावीत.

अक्कांच्या "चौदा वर्षां"विषयी आधी बोलायला हवं, कारण हा गैरसमज सोलापुरात घरोघरी आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं नाही. गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगून टाकलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. चौदा हा आकडा आला १९७८ मध्ये, फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ घातलं तेव्हा. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्या माणसाला प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सोडता येणार नाही, एवढंच ते कलम म्हणतं. आता तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ मध्ये आहे. म्हणजे चौदा वर्षांनी दार उघडत नाही, दार ठोठावण्याचा हक्क मिळतो. पुढे किती वर्षं थांबायचं ते राज्य सरकारचं धोरण ठरवतं. महाराष्ट्रात ११ मे १९९२ ची मार्गदर्शक तत्त्वं होती, मग १५ मार्च २०१० ची आली. त्यांत गुन्ह्याच्या प्रकारानुसार वर्गवाऱ्या पाडल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे वर्षं लिहिली आहेत: बावीस, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस, चांगल्या वागणुकीबद्दल मिळालेले माफीचे दिवस धरून. तुरुंगात याला "कॅटेगरी लागली" असं म्हणतात. खून स्वतः ठरवून केला की टोळीने, स्त्रीचा केला की पुरुषाचा, क्रूरपणे केला की भांडणाच्या भरात, यावर कॅटेगरी. आता, एखादा खून "क्रूरपणे" झाला की नाही हे मंत्रालयातल्या टेबलावर, निकालपत्राच्या छायाप्रतीवरून ठरतं, आणि त्या एका शब्दावर माणसाची चार वर्षं इकडची तिकडे होतात. चुकीची कॅटेगरी लागली म्हणून तुरुंगातून पोस्टाने पाठवलेल्या अर्जांवर मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले निकाल शोधले तर ढिगाने सापडतील.

फाईलचा प्रवास असा असतो. तुरुंग अधीक्षक प्रस्ताव तयार करतात. पोलिसांचा अहवाल मागवतात, जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं म्हणणं घेतात, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवतात. मग पुण्याला कारागृह मुख्यालय, तिथून मंत्रालयात गृह विभाग. कागदावर हे नीट दिसतं. प्रत्यक्षात या साखळीतली सगळ्यात जड कडी असते पोलीस ठाण्याचा अहवाल. एक हवालदार गावात किंवा गल्लीत जातो, दोन-चार जणांना विचारतो, फिर्यादीच्या घरी जाऊन येतो आणि लिहितो: "सदर बंद्यास मुक्त केल्यास शांतता व सुव्यवस्थेस बाधा निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही." हे वाक्य मी इतक्या अहवालांत वाचलं आहे की मला ते पाठ झालंय. "नाकारता येत नाही" म्हणजे काय? कुठली शक्यता नाकारता येते? हवालदाराचाही यात दोष काढता येत नाही. उद्या काही झालं तर त्याच्या सहीचा कागद पुढे येणार, आणि न सोडल्यामुळे कुणाचं आयुष्य वाया गेलं तर त्याला कुणी जाब विचारणार नाही. अशा जागी बसलेला कुठलाही माणूस "नाही"च लिहील. तीच गोष्ट टेबलाटेबलाने वर जाते.

न्यायालयाच्या मताचंही असंच होतं. शिक्षा देणारे न्यायाधीश तोवर बदलून गेलेले असतात, बहुतेकदा निवृत्त झालेले असतात. नवे न्यायाधीश जुनं निकालपत्र वाचतात आणि निकालपत्रात गुन्ह्याशिवाय दुसरं काय असणार? पंधरा वर्षांत तो माणूस काय झाला, हे त्या कागदात येऊच शकत नाही. बिहारमधल्या एका कैद्याने माफीशिवाय, पॅरोलशिवाय चोवीस वर्षं काढली होती. त्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच नेमकं दाखवून दिलं: न्यायाधीशांचं मत जुन्या नोंदींपुरतं असतं, त्याच्यावर यांत्रिकपणे विसंबू नका, आजच्या माणसाकडे बघा. त्याच्याही आधी, २००० मध्ये, न्यायालयाने पाच प्रश्न घालून दिले होते. गुन्ह्याने सगळा समाज हादरला होता की तो दोन माणसांमधला होता? तो पुन्हा घडण्याची शक्यता आहे का? गुन्हा करण्याची ताकद आता या माणसात उरली आहे का? त्याला आणखी आत ठेवून काही साधणार आहे का? आणि घरची परिस्थिती काय आहे? पाचांतले चार प्रश्न आजचे आणि उद्याचे आहेत. आमच्या फाइलीतले जवळजवळ सगळे कागद कालचे असतात.

इथे सोलापूरकर म्हणून मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या शहरात "सेटलमेंट" नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याला नुसतं "सेटलमेंट" म्हटलं की तो नेऊन सोडतो. तिथे इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात माणसं कोंडली होती. पारधी, कैकाडी, कंजारभाट, टकारी. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जातीत जन्माला आला म्हणून हजेरी द्यायची. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पण त्याची सावली दुसऱ्या कायद्यात शिरली: १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा. आजही पोलीस अहवालात "सराईत" हा शब्द ज्या सहजतेने काही आडनावांपुढे लागतो, तो बघितला की कुंपणाची तार अजून पूर्ण कापली गेलेली नाही हे कळतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला. एका पत्रकार बाईच्या, सुकन्या शांता यांच्या याचिकेवर हे झालं. नोंदवहीतला रकाना गेला हे चांगलंच झालं. पण शिक्षामाफीचा अहवाल लिहिणाऱ्याच्या डोक्यातला रकाना कसा काढायचा? माझ्या मते उपाय एकच आहे. अंदाजाला अहवालात जागाच ठेवायची नाही. "सराईत आहे" असं लिहायचं असेल तर कुठला गुन्हा, कुठली तारीख, कुठल्या कोर्टाने दोषी ठरवलं, ते लिहा. नसेल तर तो शब्द लिहू नका.

अंदाजापेक्षा भक्कम पुरावा तुरुंगापाशी पडून असतो आणि त्याला कुणी हात लावत नाही. संचित रजा, अभिवचन रजा, म्हणजे आपण ज्याला फर्लो आणि पॅरोल म्हणतो, या रजांच्या नोंदी. माणसाला दोन-तीन आठवडे मोकळं सोडलं, गावात, जुन्या वैऱ्यांच्या समोर, आणि तो स्वतःच्या पायांनी परत आला. एकदा नाही, नऊ वेळा. "सुटला तर काय करेल" या प्रश्नाचं याहून प्रामाणिक उत्तर कोणतं असू शकतं? हवालदाराच्या एका भेटीपेक्षा या नऊ रजांना जास्त वजन मिळायला नको का?

आणि विश्वासाचा हा प्रयोग आपल्या शेजारीच झालेला आहे. सांगोल्याहून पुढे गेलं की आटपाडी. तिथलं स्वतंत्रपूर. १९३९ मध्ये औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरने भिंती नसलेली कैद्यांची वसाहत उभी केली. जन्मठेपेचे कैदी तिथे बायकामुलांसह राहून शेती करू लागले. तिच्यावरून निघालेला हिंदी चित्रपट देशभर गाजला, पण वसाहत मात्र आपल्याच भागातल्या पुष्कळांनी पाहिलेली नाही. मी पाहिली आहे. माळरान, विहीर, पिकं आणि कुंपण नसलेली घरं. ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी एका लहानशा संस्थानाला जे जमलं ते आपल्याला आज अशक्य वाटतं, याचं मला मनापासून दुःख होतं.

आता दुसरी बाजू. तीही मी कोर्टातच पाहिली आहे. एका खटल्यातली मयताची आई मला एकदा जिन्यात भेटली. मी आरोपीचा वकील नव्हतो, तिचाही नव्हतो. काळा कोट बघून तिने थांबवलं. "दादा, तो सुटून गावात आला. मला बाजारात दिसला. मला कुणी सांगितलं का नाही?" मी काय उत्तर देणार होतो? तिला सांगण्याचं बंधन आमच्या शिक्षामाफीच्या वाटेवर कुणावरच नव्हतं. हवालदार तिच्या घरी येऊन गेला असेल, तर तो सही घ्यायला आला होता.

२००२ च्या गुजरात दंगलीतलं बिल्किस बानो प्रकरण आठवा. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्यातल्या जन्मठेप झालेल्या अकरा जणांना सोडलं, १९९२ च्या जुन्या धोरणाचा आधार घेऊन. सीबीआयने विरोध केला होता, शिक्षा देणाऱ्या मुंबईच्या विशेष न्यायालयाने विरोध केला होता. तुरुंगाच्या सल्लागार समितीने तरी शिफारस केली, केंद्राने संमती दिली, आणि बाहेर आल्यावर त्यांचं हारतुऱ्यांनी स्वागत झालं. जिच्यावर अत्याचार झाला, जिच्या घरातली माणसं मारली गेली, ती म्हणाली की एवढा मोठा निर्णय घेताना माझ्या सुरक्षिततेची चौकशी कुणीही केली नाही. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालला म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हताच, असं न्यायालयाने सांगितलं.

हे प्रकरण निघालं की लोक म्हणतात, "बघा, म्हणून कुणालाच सोडायचं नाही." मला ते पटत नाही. अक्कांच्या मुलाला कारण न देता आत ठेवणारी खोली आणि त्या अकरा जणांना बाहेर काढणारी खोली एकाच जातीची आहे: बंद दाराची. आत कोण बसतं, काय वाचतं, कुणाचा फोन येतो, कुठलं मत बाजूला सारतं, हे बाहेर कुणाला दिसत नाही. अशा खोलीत गरिबाची विनंती मरते आणि वजनदाराची जगते. दार उघडलं तर दोन्ही अन्याय एकदम अवघड होतात. म्हणून कैद्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आणि पीडितांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एकमेकांकडे पाठ फिरवून उभं राहण्याचं कारण नाही. त्यांची मागणी एकच असायला हवी.

पीडितांना काय अधिकार असावा, हा मला सगळ्यात कठीण वाटणारा प्रश्न आहे. नव्या संहितेत कलम ३६० खाली सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही. खटला मागे घेताना ऐकायचं आणि शिक्षा कमी करताना ऐकायचं नाही, यात मला काही सुसंगती दिसत नाही. इंग्लंडमध्ये पॅरोल बोर्डापुढे पीडित व्यक्ती आपलं निवेदन मांडू शकते. आपल्याकडेही तशी लेखी नोटीस, मुदत आणि हवं असेल तर समोर येऊन बोलण्याची संधी मिळाली पाहिजे. पण नकाराधिकार? विचार करून मी "नको" म्हणतो. ज्या आईचा मुलगा गेला तिने क्षमा करावी अशी अपेक्षा करण्याचा हक्क कुणाला नाही, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या सुटकेचं ओझंही तिच्या मानेवर टाकू नये. तिने सांगावं की तिला कशाची भीती वाटते. त्या भीतीवर अटी घालता येतात: अमुक तालुक्यात राहायचं नाही, अमुक दिवशी ठाण्यात हजेरी, संपर्क करायचा नाही. निर्णय मात्र इतरांनी घ्यावा आणि त्याची जबाबदारीही त्यांनीच घ्यावी.

इतर म्हणजे कोण? गृह विभाग नव्हे, असं माझं ठाम म्हणणं आहे. पोलीस गृह विभागाचे, तुरुंग गृह विभागाचे, आणि सोडायचं की नाही हेही गृह विभागच ठरवणार. ज्याने पकडलं त्यालाच सोडण्याबद्दल विचारलं तर उत्तर काय येणार? अमेरिकेतही हीच तक्रार वर्षानुवर्षं चालू आहे. तिथे राष्ट्राध्यक्षांकडे जाणारे दयेचे अर्ज तपासणारं कार्यालय न्याय खात्यातच बसतं, आणि त्याच खात्याचे वकील खटले चालवतात. आपल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९९ मध्येच राज्यांना शिक्षा पुनर्विलोकन मंडळं नेमायला सुचवलं होतं. पण त्या मंडळाच्या खुर्चीवरही गृह विभागच बसलेला. माझ्या मनातलं मंडळ वेगळं आहे: निवृत्त जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, मानसोपचारतज्ज्ञ, परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), तुरुंगातला जाणता अधिकारी आणि पीडितांसोबत काम केलेली एखादी व्यक्ती. पोलिसांनी येऊन आपलं म्हणणं मांडावं, पण मत देऊ नये. मंडळाने कैद्याशी प्रत्यक्ष बोलावं. आज फाईल वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या माणसाचं तोंडही पाहिलेलं नसतं. घटनेच्या १६१ व्या कलमाखालचा राज्यपालांचा आणि त्यामागचा मंत्रिमंडळाचा अधिकार कुणी काढून घेऊ शकत नाही, घ्यायचाही नाही. मंत्रिमंडळाला मंडळाचं मत पटलं नाही तर त्याने वेगळा निर्णय जरूर घ्यावा. फक्त का पटलं नाही ते लिहावं, आणि तो कागद सगळ्यांना वाचता यावा.

तारखेचा प्रश्न निदान कायद्यापुरता सुटला आहे, आणि ही बातमी सोलापुरात फार थोड्यांपर्यंत पोचली आहे म्हणून मुद्दाम लिहितो. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिथे माफीचं धोरण आहे तिथे कैद्याने अर्ज करण्याची गरजच नाही. तो पात्र झाला की सरकारनेच त्याचा विचार करायचा. नाकारलं तर थोडक्यात का होईना कारण द्यायचं, आणि ते कैद्याला कळवायचं. अटी घालायच्या तर स्पष्ट घालायच्या, ज्या पाळता येतील अशा. म्हणजे अक्कांनी पंधरा हजार रुपये ज्या गोष्टीसाठी घालवले, ती करणं सरकारचं कर्तव्यच होतं. निकाल आला तरी फाईल हलवायला तुरुंगात तारखांची वही लागते. शिक्षा लागलेल्या दिवशीच त्या वहीत पात्रतेची तारीख पडली पाहिजे, तेराव्या वर्षी कागद गोळा व्हायला लागले पाहिजेत, आणि दर तीन महिन्यांनी पात्र होणाऱ्यांची यादी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आली पाहिजे. याला नवा कायदा लागत नाही. एक वही लागते आणि ती उघडणारा माणूस.

फाशीच्या दयाअर्जांबद्दल थोडंच बोलतो, कारण तिथे संख्या कमी आहे, पण दिरंगाईची किंमत काय असते हे तिथे उघडं पडतं. २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी एका कैद्याची फाशी रद्द केली, तेव्हा तो बेळगावच्या तुरुंगात मरून जवळजवळ पाच वर्षं झाली होती. फाइलीला ते माहीतच नव्हतं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी २००६ मध्ये कायम झाली, दयेचा अर्ज फेटाळला गेला २०१४ मध्ये, आणि या विलंबापायीच मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. ज्यांची लेकरं गेली त्या आईबापांच्या वाट्याला यातून काय आलं? सोलापूरच्याच न्यायालयात एकेकाळी पट्टेवाल्याची नोकरी केलेले सुशीलकुमार शिंदे २०१२ ते २०१४ या काळात देशाचे गृहमंत्री होते. दयेच्या अर्जांच्या फाइली त्याच खात्यातून राष्ट्रपतींकडे जातात. त्याच काळात, ९ फेब्रुवारी २०१३ रोजी अफझल गुरूला फाशी झाली आणि त्याची खबर देणारं स्पीड पोस्टाचं पत्र घरच्यांच्या हातात पडलं ११ तारखेला. गुन्हा कितीही भयंकर असो, असं पत्र असं पोचता कामा नये. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिला: अर्ज फेटाळल्याचं कैद्याला आणि घरच्यांना लेखी कळवायचं आणि नंतर चौदा दिवस थांबायचं. डिसेंबर २०२४ मध्ये, पुण्यातल्या एका प्रकरणात, प्रत्येक राज्याने दयाअर्जांसाठी स्वतंत्र कक्ष उघडावा असंही सांगितलं. नव्या संहितेचं कलम ४७२ कैद्याला अर्जासाठी तीस दिवस देतं, केंद्राला शिफारशीसाठी साठ दिवस देतं. राष्ट्रपतींना मात्र मुदत नाही. खालच्यांना घड्याळ आणि वरच्यांना नाही, ही रचना मला मान्य नाही.

"गुन्हेगारांचा एवढा पुळका कशाला?" हे मला बार रूममध्येही ऐकावं लागतं. म्हणणाऱ्याचा राग मला समजतो. पण मी कुणाला सोडा असं म्हणतच नाहीये. मंडळाने दहापैकी सात जणांना "नाही" म्हटलं आणि का ते सांगितलं, तर मी ते मान्य करीन. कारण कळलं की माणसाला पुढे काय सुधारायचं ते कळतं, चुकीचं असेल तर त्याविरुद्ध दाद मागता येते. कारण न देता नाकारलेल्या माणसाला तुरुंगात नीट वागण्यासाठी काय उरतं? हा प्रश्न तुरुंगातल्या शिपायांनाही विचारून बघा, त्यांनाच तर त्याच्यासोबत पुढची वर्षं काढायची असतात. आणि २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ जागांमध्ये ५,७३,२२० माणसं होती. ज्याला आत ठेवून काही साधत नाही, त्याच्या जागेचाही हिशोब करावा लागतो.

सोलापूरने या विषयावर बोलावं याला माझ्याकडे एक कारण आहे. १२ जानेवारीला, गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर, आपण चार पुतळ्यांपाशी जमतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० मधल्या मार्शल लॉच्या वर्षातले खटले, आणि १९३१ च्या जानेवारीत येरवड्याला फाशी. आजच्या शिक्षा झालेल्या कैद्यांशी त्यांची तुलना करणं पाप होईल, मी ती करत नाही. पण माणसाच्या आयुष्यावर शेवटचा शब्द बोलणारी सत्ता चुकू शकते, हे ज्या शहराने आपल्या चार मुलांच्या देहांवरून शिकलं, त्या शहराने त्या सत्तेकडे कारण मागायला कचरू नये. त्यांच्याच नावाच्या हुतात्मा एक्स्प्रेसने आज पहाटे पहाटे डबे घेऊन निघालेल्या आया, बायका, म्हातारे बाप येरवड्याच्या मुलाखतीला जातात. वीस मिनिटं काचेतून बोलतात आणि रात्री परत येतात. त्यांना कुणी विचारलं की तुमच्या माणसाची फाईल कुठे आहे, तर बहुतेकांना सांगता येत नाही.

ज्यांच्या घरातलं कुणी चौदा वर्षांच्या आसपास आलं असेल, त्यांनी कुणालाही पैसे देऊ नयेत. कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे जावं. वकील फुकट मिळतो. साध्या कागदावर तीन गोष्टी लेखी मागाव्यात: कुठली कॅटेगरी लावली, ती कुठल्या शासन निर्णयाखाली लावली, आणि पात्रतेची तारीख कोणती. शिक्षा झाली तेव्हाचं धोरण लागू होतं, आणि नंतरचं जास्त सवलतीचं असेल तर त्याचा फायदा मिळतो, हेही तिथे विचारावं. नकाराचं पत्र आलं असेल आणि त्यात कारण नसेल, तर ते पत्र जपून ठेवावं. तेच पुढे कामाला येतं.

अक्कांचं पत्र आता माझ्या फाइलीत आहे. त्याच्या आधारावर आम्ही उच्च न्यायालयात जातोय. वकीलपत्रावर सही घ्यायला त्यांना परवा बोलावलं होतं. त्यांनी मुलाच्या रजांच्या नऊ चिठ्ठ्या आणल्या होत्या, प्रत्येकीवर परत हजर झाल्याचा शिक्का, तारखेप्रमाणे लावून, दोऱ्याने बांधून. विड्यांच्या कट्ट्याला बांधतात तोच दोरा. मी त्या चिठ्ठ्यांच्या प्रती काढल्या, मूळ त्यांच्याकडे परत दिल्या. संध्याकाळी माल कारखान्यात द्यायचा होता, म्हणून त्या चहाला थांबल्या नाहीत.